चौथी रेघ

तातोबामामांची आणि माझी ओळख एका खिळ्यामुळे झाली. मंगळवार पेठेतल्या एका बोळात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. घर जुनं, मातीच्या भिंतींचं, शेजारच्या घराला चिकटून उभं. दोन्ही घरांत मिळून एकच भिंत. मला कॅलेंडर टांगायचं होतं. चार-पाच घाव घातले असतील, तोच दारात एक उंच, वाळका म्हातारा येऊन उभा राहिला. कानावर पेन्सिल, अंगात खिसे लोंबणारा खाकी शर्ट. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“भिंतीला इचारलासा काय, बाई?”

मला वाटलं, भिंत सामाईक म्हणून भांडायला आलेत. मी म्हटलं, तुम्हाला विचारायला हवं होतं, चुकलं. तर म्हणाले, “आमाला न्हवं. भिंतीला.” आणि सरळ आत आले. बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केली, कान जवळ नेला, थोडं सरकले, पुन्हा टकटक. मी भोकं पाडायला घेतली होती त्याच्यापासून दोन हातांवर त्यांनी पेन्सिलीनं ठिपका दिला आणि इथं मारा म्हणाले, इथं तिची हरकत नाही. खिळा लोण्यात सुरी जावी तसा गेला आणि अजून हललेला नाही. जाता जाता एवढंच पुटपुटले की पलीकडं माती गळतीया. म्हातारा चिकट दिसतोय, मी मनात म्हटलं. संध्याकाळी आमच्या ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, भाड्यात करमणूकही धरलेली दिसते.

मामा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत पॅटर्न बनवत असत. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी हुबेहूब लाकडात घडवायचा. तो लाकडी पॅटर्न वाळूत दाबून बसवतात, मग अलगद काढून घेतात आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेल्या लोखंडाचा रस ओततात. उभी हयात त्यांनी हे केलं. “आमचं लाकूड कुणाच्या घरात जात न्हाय,” ते म्हणत. “ठसा उठवायचा आनि बाजूला व्हायाचं.” आम्ही राहायला आलो त्याच्या दोन वर्षं आधी त्यांची बायको, हौसाक्का, गेली होती. मी तिला कधीच पाहिलं नाही. घरात तिचा फोटोही नव्हता. मुलगा संजय पुण्याला, कॉम्प्युटरच्या नोकरीत. मामा एकटेच राहत आणि दिवसभर घराचं काहीतरी करत.

काय करत, ते मात्र बघणाऱ्याला कळत नसे. मी पहिल्यांदा त्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, बसले तेव्हा घामाघूम झाले होते, पंखा वर होता, पण भिंतीला बटण कुठंच नव्हतं. मी शोधतेय हे बघून मामा गालात हसले. दिवा ठेवायच्या जुन्या कोनाड्याला त्यांनी बोटभर जाडीचं लाकडी दार केलं होतं, आणि सगळी बटणं त्या दाराच्या आत. वायरी तुळईच्या वरच्या अंगानं गेलेल्या. घरामागच्या परड्यात कमोड बसवला होता, तो हौसाक्काचे गुडघे धरले तेव्हा. पण त्याला दार जुनंच, कडीकोयंड्याचं. आत गेलेला पावणा कडी लावायला विसरला की दार आपोआप उघडायचं. त्यावरून बोळात दोन-तीन किस्से आहेत, ते इथं सांगण्यासारखे नाहीत.

घराला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. मधल्या खोलीची चौकट बुटकी. संजय आला की दर वेळी कपाळ आपटायचा, चिडायचा, ही चौकट उचलून घ्या म्हणायचा. मामा महिनाभर रोज त्या चौकटीपाशी जाऊन उभे राहत. मी विचारलं, काय ठरलं? म्हणाले, “इचारलंय. सांगंल तवा सांगंल.” शेवटी चौकटीला त्यांनी हात लावलाच नाही, तिथली जमीन वीतभर उकरून खाली घेतली. माणूस आपोआप एक पायरी उतरतो आणि ताठ मानेनं आत जातो. चौकट उचलली असती तर वरची भिंत खचली असती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा.

आणि दुसरा नेम पेन्सिलीचा. कुठलीही दुरुस्ती केली की तिच्या न दिसणाऱ्या बाजूला ते दोन ओळी लिहीत. दाराच्या फळीमागं, खिडकीच्या गजाखाली, कोनाड्याच्या दारावर आतून. ‘ही फळी नवी. जुन्या पाटाचा सागवान. तातोबा.’ ‘हा वासा बदलला. जुना किडला होता.’ मी मास्तरीण. शुद्धलेखन तपासायची सवय. म्हटलं, मामा, हे कोण वाचणार? ते म्हणाले, “माझ्यामागनं जो ह्या घराला हात लावंल त्यो. त्येला कळाय नको, कुठलं जुनं आनि कुठलं आमचं? ठिगळानं मिरवू नये, पर लपूबी नये. घराशी खोटं बोलायचं न्हाय बाई.” हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं की ते मी वर्गातही वापरू लागले.

बोळात बाकी सगळीकडं सिमेंट आलं होतं. मातीच्या भिंतीला वरून सिमेंट थापलं की आतली ओल कोंडते आणि भिंत फुगते, हे मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि कोणी ऐकत नसे. त्यांच्या मधल्या खोलीला खिडकी नव्हती. दोन्ही बाजूंनी शेजार, मग खिडकी येणार कुठून? तिथं उजेड यावा म्हणून त्यांनी छपरात एक काचेचं कौल बसवलं होतं. ते बसवण्याआधी आठ-दहा दिवस रोज शिडीवर चढून एक-एक कौल सरकवून ऊन कुठं पडतं ते ते बघत बसले होते, असं बोळातल्या बायका सांगायच्या. म्हातारपण असं वेडं असतं, म्हणायच्या. मीही हसले होते.

ज्या भिंतीवर ते ऊन पडायचं ती आमच्या दोघांची सामाईक भिंत. आमच्या बाजूनं तिला रंग होता. त्यांच्या बाजूनं मात्र ती अजून सारवलेली, पांढऱ्या मातीची आणि शेणाची. एरवी भिंतीला पोतेरं फिरवतात. ही कुणीतरी हातानं सारवलेली होती, अर्धगोल-अर्धगोल, खालून वरपर्यंत. पण तिची अवस्था वाईट होती. पोपडे आलेले, कडेची माती रोज थोडी थोडी झडायची. मामा ती माती झाडूनही काढत नसत, सुपलीत गोळा करून कुठंतरी ठेवत. एवढं घर तळहाताच्या फोडासारखं जपणारा माणूस ह्या एका भिंतीकडं बघत कसा नाही, याचं मला कोडं पडायचं. एकदा विषय काढला, तर म्हणाले, “त्येला बाईचा हात लागतोय.”

मी त्याचा अर्थ लावला तो असा: म्हाताऱ्याला करता येत नाही, आणि कुणाला सांगायला लाज वाटते. माझं माहेर आजऱ्याचं. आईच्या हाताखाली मी सारवायला शिकले, लग्न होईतो परडं आणि पडवी माझ्याकडंच होती. आता ह्या पेठेत सारवता येणारी बाई दुसरी कोण होती? माझ्या मनात तेव्हाच आलं की एकदा मामांना न सांगता ही भिंत करून टाकायची. परमेश्वरानं माणसाला चांगला विचार देताना जरा वेळ बघून द्यावा.

दसऱ्याच्या आधी पंधरा-वीस दिवस मामा शिडीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, संजय येऊन राहिला, रजा संपली तसा गेला. पुढचे दिवस डबा मी नेत होते आणि घराची किल्ली माझ्याकडं होती. मामांना दसऱ्याच्या दोन दिवस आधी घरी सोडणार असं ठरलं. दसऱ्याला घर झाडून-सारवून लख्ख करायचं ही आपली रीतच. मी भावाकडून आजऱ्याची पांढरी माती मागवली, गवळ्याकडून शेण आणलं, शाळेला एक दिवस रजा टाकली. आधी जुने पोपडे खरवडून काढले. मग पदर खोचून, बांगड्या वर सारून हातानं सारवत गेले. जुने अर्धगोल बघितले होते, तसेच काढले, माझ्या मते अधिक सुबक. दुपारपर्यंत भिंत नवरीसारखी दिसायला लागली. खरवडलेली माती टोपलीत भरून मी परड्यात पेरूच्या बुंध्याशी टाकली. इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामा रिक्षातून उतरले. एका हातात वॉकर, दुसरा माझ्या खांद्यावर. सोप्यातून मधल्या खोलीत एक पायरी उतरले आणि थांबले. मी कौतुकाची वाट बघत होते. ते हळूहळू भिंतीपाशी गेले, तळवा टेकवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

“ओली हाय अजून,” म्हणाले.

मग माझ्याकडं न बघता म्हणाले की छान झालंय, हात चांगला हाय तुमचा. कॉटवर आडवे झाले आणि भिंतीकडं पाठ केली. दवाखान्यातून आलेला माणूस, दमला असेल, असं समजून मी पेज करायला आत गेले.

खरं काय ते मला दसऱ्याच्या दिवशी कळलं. मी सोनं द्यायला म्हणून दुपारी गेले, तर मामा कॉटवर भिंतीसमोर बसले होते. तीनचा सुमार. काचेच्या कौलातलं ऊन तिरकं होऊन भिंतीला घासत खाली येत होतं. असं ऊन पडलं की सारवणातली बोटाची प्रत्येक रेघ उठून दिसते. सावली पडते तिची. सगळी भिंत हातांनी भरल्यासारखी दिसत होती. माझ्या हातांनी. मामा म्हणाले, “चारी बोटं सारखी उठल्यात.”

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. हौसाक्का कागलकडची. लहानपणी गुऱ्हाळात उसाच्या चरकात तिचं करंगळीशेजारचं बोट सापडलं होतं. ते कायमचं आत वळलेलं, म्हणून तिच्या सारवणात तीन रेघा ठळक उठायच्या आणि चौथी पुसट, कधी नाहीच. बांगड्या ती वर सारायची नाही. अर्धगोल संपताना त्या मनगटावर घसरायच्या आणि भिंतीला बारीक चिरी पडायची. ही भिंत तिनं शेवटची सारवली ती दसऱ्याला, आणि दिवाळीच्या आधी ती गेली. नंतर मामांनी भिंतीला हात लावला नाही. काचेचं कौल त्यांनी उजेडासाठी बसवलंच नव्हतं. कुठल्या कौलातून ऊन आलं म्हणजे तिचा हात दिसेल, ते बघत ते आठ-दहा दिवस शिडीवर चढत होते.

“तीन वाजता यायची,” ते म्हणाले. “ह्या कोपऱ्यातनं सुरवात करायची आनि पाक तिकडंपतूर सारवत जायची. पावसाळ्यात ऊन नसतंय, तवा म्हायेरला गेलीया म्हनायचं.”

माझ्या हातातली आपट्याची पानं तशीच राहिली. मी रडायला लागले, तर मामा उलट माझीच समजूत घालू लागले. त्यांनी मला सांगितलं नव्हतं, ही चूक त्यांची, म्हणाले. पण मला ते पहिलं वाक्य आठवत होतं. भिंतीला इचारलासा काय, बाई? त्या पहिल्या दिवशी ते खिळ्याच्या घावांनी पळत का आले होते आणि पलीकडं कुठली माती गळत होती, ते आता समजलं. मी पेरूच्या बुंध्याशी जाऊन बघितलं. माळ्यानं पाणी घालावं तसं मीच दोन दिवस तिथं पाणी घातलं होतं. मातीत माती मिसळून गेली होती.

आमची झोपायची खोली त्या भिंतीच्या अलीकडं आहे. मी त्या भिंतीला डोकं लावून झोपत असे, ते बंद केलं. दुपारी घरी असले आणि तीन वाजले की पलीकडं मामा रिकाम्या भिंतीकडं बघत बसले असतील, हे मनातून जात नसे. वह्या तपासायला घेतल्या तरी लक्ष तिकडं. घरातलं एखादं माणूस माझ्या हातून गेलं आणि कुणी मला बोललंसुद्धा नाही, असं काहीतरी ते होतं.

पाच-सहा दिवसांनी मामांनी मला बोलावलं. दिवाळीला संजय येणार होता. ह्या खेपेला तो नुसता येणार नव्हता. बाप एकटा पडतो, झडतो, तेव्हा घर पाडून जागा बिल्डरला द्यायची आणि मामांना पुण्याला न्यायचं, असं त्यानं फोनवर सांगून टाकलं होतं. मामा म्हणाले, “त्यो घराला मानत न्हाय. आईला मानतोय. आला की आदी ह्या भितीफुडं बसतोय, हात लावतोय. भित हाय तवर घर हाय, बाई.”

मी म्हटलं, मी त्याला सांगते, चूक माझी आहे. मामांनी मान हलवली. आणि मग जे मागितलं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. उरलेली माती आहे ना, म्हणाले, भिंत पुन्हा सारवायची. बोट दुमडून.

मला धक्काच बसला. मी म्हटलं, मामा, घराशी खोटं बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत.  मामा म्हणाले की मूळ पॅटर्न हरवला तर फाउंड्रीत काय करतात? जुनं कास्टिंग, म्हणजे आधी ओतलेला भाग, समोर ठेवून त्यावरून दुसरा पॅटर्न घडवतात. मी विचारलं, इथं कास्टिंग कुठं आहे? “सगळं बगितलंय मी,” ते म्हणाले. “दर साली बगितलंय. मी सांगतो, तुमी हात फिरवा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. मामांनी ट्रंकेतून एक पुडी काढून ठेवली होती. हौसाक्काची हिरवी काकणं. सवाष्ण गेलेली बाई, तिची काकणं घालायला माझी ना नव्हती. पण ती मनगटात इतकी बेताची बसली की मला नकोसं वाटलं. करंगळीशेजारचं बोट आत वळवून मामांनी त्याच्यावर चिंधी बांधली. घट्ट नाही, पण सुटणार नाही अशी. पॅटर्न बांधणारे हात ते.

ते कॉटवर बसले आणि मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. कुठल्या कोपऱ्यातून सुरुवात, हात किती वर न्यायचा, मनगट कुठं थांबवायचं, सगळं ते मागून सांगत होते. आधी नुसतं चुकत होतं. “दंडानं न्हाय, मनगटानं.” “तिला घाई नसायची.” “हितं ती जरा थांबायची, चुलीवरच्या कालवणाचा वास घ्यायची.” मी थांबले. वास घेतला. आत चूल नव्हती. हळूहळू हात बसत गेला. काकणं खाली घसरायची, टिक्क वाजायची आणि अर्धगोलाच्या टोकाला चिरी पडायची. मामांचं सांगणं कमी कमी होत गेलं आणि मग थांबलंच. ऊन भिंतीवर उतरलं होतं. माझा हात चालू होता आणि माझ्या हाताची सावली माझ्या हाताच्या पुढं चालली होती.

मागून मामांचा आवाज आला, एरवीपेक्षा वेगळा, तरण्या माणसाचा असावा तसा. “हौसा, दमलीस काय?”

मी मागं वळून बघितलं नाही. शाळेत मी मुलांना ‘नाही म्हणा, न्हाय नव्हे’ असं शिकवते. माझ्या तोंडून गेलं, “न्हाय.”

 भिंत पुरी झाली. मी हात धुतले, काकणं काढून पुडीत ठेवली आणि घरी आले. ते बोट संध्याकाळपर्यंत सरळ होत नव्हतं.

दिवाळीला संजय आला. मी फराळाचं ताट घेऊन मुद्दामच गेले. गुन्हेगाराला राहवत नाही तसं. तो मधल्या खोलीत भिंतीसमोर खाली बसला होता. चौथ्या रेघेवरून त्याचं बोट फिरत होतं. “पडझड थांबली आबा,” तो म्हणाला. मामा म्हणाले, कडेनं जरा बाईंनी डागडुजी करून दिली. अर्धं खरं ते असं बोलून गेले आणि पहिल्यांदाच त्यांनी माझी नजर चुकवली. संजयनं घराचा विषय त्या खेपेला काढला नाही. बापाला म्हणाला, हाड भरून येऊ दे, मग बघू.

हाड भरून आलं, पण मामा काही उठले नाहीत. रोज तीन वाजता भिंतीसमोर बसत. एकदा मी धीर करून विचारलं, येते का? ते हसले. “कोन तरी येतंय,” म्हणाले. “मी इचारत न्हाय.” शिमग्याच्या सुमाराला, भर दुपारी, बसल्या जागी ते गेले. चहा घेऊन गेले होते ती मीच. ऊन भिंतीवरून सरकून त्यांच्या पायावर आलं होतं.

दिवस झाल्यावर बिल्डरचा माणूस टेप घेऊन आला. मोजमाप घेत सोप्यातून मधल्या खोलीत उतरला आणि भिंतीला पाठ टेकून फोनवर बोलायला लागला. संजय शांत मुलगा. पण त्यानं त्या माणसाला दंडाला धरून बाजूला केलं आणि तुम्ही या म्हणाला. मग माझ्याकडं वळला. डोळे भरलेले. “वहिनी, आईचा हात आहे हो ह्या भिंतीवर. कसा पाडू?”

माझ्या ओठावर आलं होतं. सांगून मोकळी झाले असते तर संध्याकाळपर्यंत मोजमाप पुरं झालं असतं. मी सांगितलं नाही. किल्ली माझ्याकडं ठेवून तो पुण्याला गेला. आता दोन-तीन महिन्यांनी येतो, घर उघडतो, तीन वाजता कॉटवर बसतो.

तो गेल्यावर मी घर आवरत होते. त्या भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात सरकती फळी. पुसायला म्हणून फळी काढली तर मागच्या अंगाला मामांचं अक्षर, थरथरलेलं: ‘मधली भिंत. हात शेजारच्या बाईंचा, बोट बांधून. सांगणारा मी. हौसा, राग धरू नको. तातोबा.’ म्हातारा मुलाशी खोटं बोलला होता, घराशी नाही. मी तिथंच खाली बसून खूप रडले. मग फळी होती तशी परत सरकवली. ज्याला हात लावायचा असेल तो कधीतरी ती काढेल आणि वाचेल. ती काढण्याचं काम माझं नाही, असं मी स्वतःला सांगत असते.

यंदा दसऱ्याच्या आधी भिंतीला पुन्हा पोपडे धरले. मी माती कालवली आणि सारवायला घेतलं. संजय नव्हता, मामा नव्हते, सांगणारं कुणी नव्हतं. काकणंही घालायची नाहीत, बोटही बांधायचं नाही, ह्या वेळी माझा हात माझा म्हणून उठू दे, असं ठरवूनच गेले होते. दोन दिवसांनी भिंत वाळल्यावर तीन वाजता जाऊन उभी राहिले. ऊन उतरलं. तीन रेघा ठळक होत्या आणि चौथी पुसट, कुठं कुठं नव्हतीच. मी माझा हात उन्हात धरून बघितला. चांगला सरळ होता. पण त्या दिवसापासून भाकरी थापताना लक्ष ठेवते, तर ते बोट आत वळलेलं असतं.

मामांचा नेम मोडायचा नाही म्हणून कोनाड्यातली फळी काढली आणि त्यांच्या ओळींखाली पेन्सिलीनं लिहायला घेतलं. ‘मधली भिंत पुन्हा सारवली. हात’ एवढं लिहिलं. पुढं कुणाचं नाव घालायचं ते मला सुचेना. फळी तशीच अर्धवट ओळीसकट आत सरकवून ठेवली आहे.